जुनी शाळेची बस आणि लांबची सहल



बैल विकत घ्यायचा असेल तर बाजारात काय काय पाहावे, हे मी आपल्याला सांगायला नको. आपण दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो. एवढे करूनही गाडीला जुंपून पाहिल्याशिवाय मनाचे समाधान होत नाही, आणि बाजाराची पावती हातात पडल्याशिवाय दावे सोडत नाही. पण तोच जाणता शेतकरी जुनी बस घ्यायला गेला की दोनच प्रश्न विचारतो, "सीट किती?" आणि "शेवटचे बोला, द्यायचे किती?"

आपल्या अमळनेर भागात गावातली भजनी मंडळी किंवा शेतकरी गट मिळून शाळेची जुनी बस विकत घेतात. आतली बाके काढून गाद्या टाकतात, वर सामानाचे कॅरियर बसवतात, पडदे लावतात आणि पंढरपूर, शिर्डी, ओंकारेश्वर, नाहीतर एखाद्या कृषी विद्यापीठाची सहल करून येतात. हौस चांगली आहे. चार गावे पाहिल्याशिवाय शेती सुधारत नाही, हे तर मी तीस वर्षे सांगत आलो. पण बसच्या बाबतीत माझ्याच हातून एकदा मोठी चूक झाली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे सांगणे आपल्याला कोरडा उपदेश वाटणार नाही.

२०१४ सालची गोष्ट. बोरीकाठच्या एका गावातील शेतकऱ्यांची राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात अभ्यास सहल ठरली. गावातल्या एका जिभाऊंनी तेव्हा नुकतीच एका शाळेची अकरा वर्षे चाललेली बस घेतली होती. "साहेब, भाड्याची गाडी कशाला? आपलीच बस आहे," असे ते म्हणाले आणि मी हो म्हणालो. अडतीस जणांची नावे मी लिहून घेतली, मोबाइल नंबर लिहून घेतले, कोणाला मधुमेह आहे तेही विचारले. बसचा मात्र एकही कागद पाहिला नाही.

राहुरी झाली, तिथून पंढरपूर झाले. परतीच्या दिवशी पहाटे पाचला निघालो. वाटेत कोणीतरी म्हणाले, एवढे आलोच आहोत तर वेरूळला घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन जाऊ. दर्शन होऊन कन्नडच्या घाटात पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. चालक जिभाऊंचा पुतण्या. पोरगा गुणी, पण पहाटेपासून तो एकटाच चाकावर होता. डिझेल वाचावे म्हणून उतारावर त्याने गाडी न्यूट्रल केली आणि नुसत्या ब्रेकवर उतरू लागला. तीन-चार वळणे गेली आणि जळाल्याचा वास आला. मी पुढेच बसलो होतो. तो हळूच म्हणाला, "साहेब, ब्रेक लागी नही राहिनात."

त्या पोराने प्रसंगावधान राखले. दरीकडे न जाता त्याने बस डोंगराच्या अंगाला चारीत घातली. खडकाला घासत गाडी थांबली आणि एका बाजूला कलली. कोणाचा जीव गेला नाही, ही विठोबाची कृपा. पण साठीतल्या एका आप्पांचा पाय मांडीत मोडला. पुढचे दार खडकाला दाबले गेले होते. मागच्या संकटकालीन दाराला गाद्या आणि दोन पत्र्याच्या पेट्या लावलेल्या होत्या. मुलांनी डोके बाहेर काढू नये म्हणून शाळेच्या बसच्या खिडक्यांना आडव्या दांड्या असतात, त्या तशाच होत्या. त्या अंधारात पेट्या हलवून माणसे बाहेर काढायला अर्धा तास लागला. त्या वेळी गाडीने पेट घेतला असता तर काय झाले असते, हा विचार आजही माझी झोप घालवतो.

मग कागद पाहिले. बस अजून शाळेच्याच नावावर. योग्यता प्रमाणपत्राची मुदत चार महिन्यांपूर्वी संपलेली. विमा शाळेच्या मुलांची ने-आण करण्यासाठी घेतलेला. आप्पांच्या दवाखान्याच्या खर्चासाठी जिभाऊंना बैलजोडी विकावी लागली. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. म्हणूनच मला ते जास्त लागले.

ही बस कोणत्या कामासाठी घडवलेली असते?

शाळेची बस वाईट गाडी नसते, पण ती एका ठराविक कामासाठी घडवलेली असते. सकाळी दहा-पंधरा किलोमीटर, संध्याकाळी तेवढेच, थांबत थांबत आणि कमी वेगाने. उन्हाळ्याच्या सुटीत ती एका जागी उभी असते. उभ्या गाडीचे टायर तडकतात, ब्रेकच्या रबरी नळ्या वाळतात, बॅटरी बसते. मीटरवर किलोमीटर कमी दिसतात म्हणून गाडी ताजी आहे असे समजू नका.

आता ओझ्याचा हिशेब करा. चाळीस मुले, सरासरी तीस किलोची धरली तर बारा क्विंटल. चाळीस मोठी माणसे साठ किलोची धरली तर चोवीस क्विंटल, आणि माणशी दहा किलो सामान धरले तर आणखी चार. म्हणजे बाराच्या जागी अठ्ठावीस क्विंटल झाले. स्प्रिंग तीच, ब्रेक तेच, टायर तेच. त्यातले सामान टपावर चढवले तर गाडी डोक्याने जड होते. कडब्याची उंच भरलेली गाडी वळणावर कशी कलते, ते आपण जन्मभर पाहिले आहे. तसेच बसचेही होते. म्हणून जड सामान खाली ठेवावे आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या आसनांपेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नये.

आधी कागद, मग प्रवास

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'शैक्षणिक संस्थेची बस' असा वेगळा वर्गच सांगितला आहे. अशी बस संस्थेच्या मालकीची असावी लागते आणि फक्त त्या संस्थेचे विद्यार्थी व कर्मचारी यांच्यासाठीच वापरावी लागते. तुम्ही ती विकत घेतली त्या दिवसापासून ती शाळेची बस राहिलेली नाही. तेव्हा पुढील गोष्टी क्रमाने करा.

पहिली गोष्ट मालकी. त्याच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा. स्टॅम्प पेपरवरची लिखापढी म्हणजे नोंदणी नव्हे.

दुसरी गोष्ट वापर. गाडी आता कशासाठी चालणार ते कार्यालयात स्पष्ट सांगून नोंदणीतला वर्ग बदलून घ्या. बाके काढणे, झोपण्याच्या फळ्या बसवणे, रंग बदलणे हे सारे नोंदणी पुस्तकाशी जुळले पाहिजे. कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. मालकाने बेकायदा बदल केल्यास प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. झोपण्या-जेवण्याची सोय असलेल्या गाड्यांसाठी कॅम्पर व्हॅन, मोटर कॅरॅव्हॅन असे वेगळे वर्ग आहेत, आणि त्यांची बांधणी ठरलेल्या मानकांप्रमाणे व्हावी लागते. गावच्या सुताराने ठोकलेल्या फळ्या त्यात बसत नाहीत. म्हणून सुताराकडे जाण्याआधी परिवहन कार्यालयात जा. पिवळा रंग आणि 'स्कूल बस' ही अक्षरे तशीच ठेवून यात्रा करू नका.

तिसरी गोष्ट योग्यता प्रमाणपत्र. प्रवासी वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांसाठी मिळते, त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. आपल्याकडे येणारी जुनी बस बहुधा दरवर्षीच्याच गटातली असते.

चौथी गोष्ट परवाना, म्हणजे परमिट. इथे आपले लोक फसतात. "आम्ही भाडे घेत नाही, फक्त वर्गणी घेतो," असे म्हणतात. पण माणशी पैसे गोळा करून माणसे नेली की ते भाड्यानेच नेणे समजले जाऊ शकते, आणि भाड्याने माणसे नेणाऱ्या गाडीला परमिट लागते. जत्रा-यात्रांसाठी तात्पुरते परमिट देण्याची तरतूद कायद्याच्या ८७व्या कलमात आहे. संपूर्ण गाडी एका मंडळीसाठी ठरवली तर ८८व्या कलमाखाली विशेष परमिटही मिळते. विनापरमिट पकडले गेल्यास १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मध्य प्रदेशात किंवा गुजरातेत जायचे असेल तर तिकडचे परमिट आणि कर यांची चौकशी निघण्याआधी करा, राज्याच्या सीमेवर पोहोचून नको.

पाचवी गोष्ट विमा. विमा कंपनीला गाडीचा खरा वापर लेखी कळवा आणि आत बसणाऱ्या प्रवाशांची जोखीम पॉलिसीत आहे का ते वाचून पाहा. परमिट किंवा योग्यता प्रमाणपत्र नसताना अपघात झाला, तर कंपनीने जखमींना दिलेली भरपाई पुढे मालकाकडून वसूल केली जाऊ शकते. अपघात न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम भरली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणजे बसच्या कागदाची चूक शेवटी सातबाऱ्यापर्यंत येऊन पोहोचते.

हे सारे तपासणे आता अवघड राहिलेले नाही. एम-परिवहन या मोबाइलवरच्या सोयीत गाडीचा नंबर टाकला की वर्ग, योग्यता आणि विमा यांच्या तारखा दिसतात. घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला सांगा, पाच मिनिटांचे काम आहे.

चाकावर कोण बसणार?

ट्रॅक्टर उत्तम चालवतो म्हणून बस चालवेल, असे नाही. गाडीचे भरल्यावरचे एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा जास्त असेल तर हलक्या वाहनाचे लायसन्स चालत नाही. त्यासाठी ट्रान्सपोर्ट वाहनाचे लायसन्स लागते, आणि त्याचे नूतनीकरण पाच वर्षांनी करावे लागते. मुदत पाहून घ्या.

मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ मध्ये चालकाचे काम दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास असे ठरले होते. सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागत होती. घरचा पुतण्या असला तरी त्याचे डोळे कामगाराच्या डोळ्यांसारखेच थकतात. लांबच्या प्रवासाला दोन चालक घ्या. रात्री दहा ते पहाटे पाच गाडी उभी ठेवा. एखादी धर्मशाळा, एखादे मंदिर वाटेत मिळतेच. आणि वाटेत कोणी "एवढे आलोच आहोत तर" असे म्हणाले, तर नाही म्हणायला एक माणूस आधीच नेमून ठेवा. तो चालकाचा नातेवाईक नसावा.

ब्रेक, टायर आणि घाट

उतारावर सतत ब्रेक दाबला की लोखंडी ड्रम तापतो आणि तापलेला ड्रम पकड सोडतो. पाय पूर्ण दाबला तरी गाडी थांबत नाही. याला उपाय एकच. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा. मग वेग इंजिनच रोखून धरते आणि ब्रेक थोडाच वापरावा लागतो. न्यूट्रल करून उतरणे म्हणजे बैलांचे जू काढून भरली गाडी उतारावर सोडणे होय. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून घातक, कारण बसच्या ब्रेकला लागणारा हवेचा दाब किंवा व्हॅक्यूम इंजिनच तयार करते. हवेचे ब्रेक असतील तर दाबाचा काटा पुरेसा वर आल्याशिवाय गाडी हलवू नका.

निघण्याच्या आठ दिवस आधी चांगल्या फिटरकडून चारही चाके उघडून लायनर, ड्रम आणि नळ्या तपासून घ्या. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३२व्या आठवड्यात बनला आहे. नक्षी शाबूत दिसली तरी कडेला बारीक भेगा असतील तर तो बदला. रिमोल्ड केलेला टायर पुढच्या चाकाला कधीही लावू नका. पुढचा टायर फुटला की स्टिअरिंग हातात राहत नाही.

वेगाचाही हिशेब ध्यानात ठेवा. ताशी ६० किलोमीटरने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, ८० ने २२ मीटर. म्हणजे पाय ब्रेकवर जाण्याआधीच गाडीने एक घर ओलांडलेले असते. बसचे वेगनियंत्रक यंत्र काढून टाकण्याचा सल्ला देणारा मेकॅनिक आपला हितचिंतक नव्हे.

आपल्या खानदेशाला हे वेगळे सांगायला नको. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला येणारी एस.टी. खलघाटच्या पुलावरून नर्मदेत पडली आणि १२ जण गेले. पुढच्याच वर्षी, ४ जुलै २०२३ रोजी, शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकत हॉटेलात घुसला आणि किमान दहा जण दगावले. आपली गाडी चांगली असली तरी समोरच्याची असेलच असे नाही. म्हणून बिजासन घाट उतरताना मागच्या आरशावरही नजर ठेवा आणि उताराच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलांपुढे गाडी उभी करू नका.

रस्ता निवडतानाही विचार करा. अमळनेरहून राहुरी-पंढरपूरकडे जायला धुळे, मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव, शिर्डी असा रस्ता आहे. त्या वाटेने कन्नडचा घाट टळतो. कन्नड घाटातून जायचेच असेल तर मोठ्या गाड्यांवर त्या वेळी काय निर्बंध आहेत ते आधी विचारा आणि दिवसाउजेडी उतरा.

आतली सोय आणि बाहेर पडण्याची वाट

१ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. बस दाराच्याच अंगावर पडली होती, त्यामुळे दाराने बाहेर पडता आले नाही. म्हणून बसमध्ये गादी कुठे टाकायची हे ठरवण्याआधी बाहेर कुठून पडायचे ते ठरवा. संकटकालीन दार आतून आणि बाहेरून सहज उघडते का, ते प्रत्येक प्रवासाआधी उघडून पाहा. त्याच्यापुढे पेटी, गादी, पोते काहीही नको. खिडक्यांच्या दांड्यांबाबत परिवहन कार्यालयात विचारून रीतसर बदल करून घ्या. काच फोडायच्या हातोड्या आणि आग विझवण्याचे भरलेले नळकांडे हाताशी ठेवा आणि ते कसे वापरायचे ते चार जणांना शिकवा.

माता-भगिनींना एक विनंती आहे. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर, रॉकेलचा स्टोव्ह, डिझेलची कॅन गाडीत घेऊ देऊ नका. पहिल्या जेवणाला घरून भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, पुढे मुक्कामी खाली उतरून चूल मांडा. पंखे, दिवे आणि मोबाइल चार्ज करण्यासाठी वायरी ओढायच्या असतील तर त्या वायरमनकडून फ्यूज टाकूनच घ्याव्यात. वायर घासून आग लागते आणि ती गादीखाली लागली तर धूर आधी माणसाला गाठतो.

प्रत्येक प्रवाशाचे नाव, गाव, घरचा नंबर असलेली यादी एक गाडीत आणि एक गावात ठेवा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे नंबर पुढच्या काचेजवळ मोठ्या अक्षरांत लिहा. दुसऱ्याचा अपघात दिसला तर थांबून मदत करा. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातच संरक्षण दिले आहे.

एवढे जमणार नसेल तर

हे सारे वाचून कोणी म्हणेल, साहेब, एवढा खटाटोप कोण करणार? न केला तरी चालेल, पण मग स्वतःची बस नको. एस.टी. महामंडळ प्रासंगिक करारावर संपूर्ण गाडी देते. आषाढीला एका गावातून चाळीस किंवा अधिक वारकरी असतील तर थेट गावातून पंढरपूरला गाडी सोडण्याची सोयही महामंडळाने अलीकडच्या वर्षांत केली आहे. आगारात जाऊन चौकशी करा. वर्षातून दोन सहलींसाठी बस पोसण्यापेक्षा हा हिशेब पुष्कळदा स्वस्त पडतो. विमा, कर, टायर आणि दुरुस्ती एका कागदावर मांडून बघा. ट्रॅक्टर-ट्रॉलीत माणसे बसवून जाणे हा मात्र पर्याय नव्हे. ट्रॉली मालासाठी आहे, त्यात बसलेल्या माणसाला विम्याचा आधार मिळत नाही.

गेल्या थंडीत त्याच बोरीकाठच्या गावी जाण्याचा योग आला. आप्पा ओट्यावर बसले होते. पाय जुळला, पण लंगडेपणा राहिला तो राहिलाच. गटातली तरुण मुले पुन्हा सहलीचे बोलत होती आणि एकाने गाडीचा विषय काढला. मी काही बोलण्याआधीच आप्पांनी काठीने ओटा वाजवला आणि त्या मुलाला विचारले, "गाडीना कागद दखात का रे भो?"

मुलगा जरा ओशाळला. मग त्याने खिशातून मोबाइल काढला आणि गाडीचा नंबर विचारायला मालकाला फोन लावला.